सहाव्या वाक्याच्या आधी

रविवार, ८ मार्च. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे.

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम.

मी आत्ता मागच्या पायरीवर बसून दोर घासत होतो. नवा काथ्याचा दोर आहे, त्याची कुसळे टोचतात. ती बारक्याच्या मनगटांना टोचू नयेत म्हणून गोणपाटाने घासून काढतो आहे. हात भरून आला, तेव्हा म्हटले तेवढ्यात तुला पत्र लिहावे.

बातमी अशी की यंदा आपल्या चर्चच्या आवारात उत्तम शुक्रवारी आणि ईस्टरच्या सकाळी मोठे नाटक आहे. खुला मंच, लाउडस्पीकर, सगळे. संडे स्कूलच्या बाई बसवत आहेत आणि त्यांनी आपले अख्खे घरच उचलले आहे. आई मरिया. बाबा पिलात. मी रोमी शिपाई. आणि येशू कोण, तर आपला बारक्या!

बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्याचा चेहरा बघा. काही न करता दुःखी दिसतो." बारक्या म्हणाला, "बाई, रोज पहाटे उठून नऊ घरची नऊ रडकी पोरं व्हॅनमध्ये भरा, तुमचाही दिसेल." पाळकसाहेबसुद्धा हसले.

बाबांनी पिलाताचा झगा स्वतः शिवायला घेतला आहे. दुकानातली उरलेली सगळी जर त्यावर गेली. बाई म्हणाल्या, "अहो टेलर, हा सुभेदार आहे, नवरदेव नव्हे." बाबा दोन दिवस रुसले, पण जर काढली नाही.

आता माझे काम. आपल्याकडे वधस्तंभ माणसासकट उभा करतात, हे तुला आठवत असेल. आडवा ठेवून माणसाला बांधायचे, मग आठ जणांनी उचलून खड्ड्यात बसवायचा. मागच्या वेळी नळवाले येशू झाले होते, तेव्हा गाठ सैल पडून ते एका हातावर लोंबले होते आणि वधस्तंभावरच्या येशूच्या सात वाक्यांपैकी उरलेली सगळी त्यांनी भीतीने एका दमात म्हणून टाकली. म्हणून बाईंनी यंदा बांधायचे काम माझ्याकडे दिले. म्हणाल्या, "तू गोदामात ट्रकवर माल बांधतोस ना, तसा बांध. हलला नाही पाहिजे." मी पायाखाली एक फळीही ठोकणार आहे, म्हणजे सगळा भार हातांवर येणार नाही.

शिवाय पाचव्या वाक्याला, म्हणजे तहान लागल्याच्या, काठीला बोळा लावून त्याच्या तोंडाशी मीच धरायचा आहे. मला एकही शब्द बोलायचा नाही, हे फार बरे झाले.

तुला सुट्टी मिळत नाही हे माहीत आहे. तरी विचारतो, बांधण्यात माझे काही राहून जात असेल तर कळव. मला झोप लागत नाही.

तुझा भाऊ,
मधला


सोमवार, १६ मार्च

प्रिय मधल्या,

सलाम. तुझं पत्र ड्यूटीवर खिशात घेऊन गेले आणि औषधाच्या खोलीत उभ्यानं वाचलं. बाबा पिलात! येशूला शिपायांच्या हाती देऊन हात धुवायच्या वेळी पाणी कोमट आहे का विचारतील बघ. आईला मरियाचं काही पाठ करावं लागणार नाही, ती घरातही तशीच गप्प असते.

बारक्याचं मात्र मला नीट कळव. तो वर किती वेळ असणार? तेव्हा ऊन असेल का? त्या दिवशी उपास धरणार का? आणि दुसरं कोणी नाही का रे? ते पोस्टमन आहेत ना, चांगले ताडमाड आहेत, आवाजही आहे. बारक्याला पेत्र द्या. पेत्राला निदान जमिनीवर उभं राहायला मिळतं.

आणि त्याला निरगाठी मारू नकोस. सुरगाठ मार. एका ओढीत सुटली पाहिजे. मी इथे रोज धडधाकट माणसं उभ्या उभ्या पडलेली बघते, म्हणून म्हणते. बाकी काही नाही.

त्याची झोप होते ना? व्हॅन नीट चालवतो ना? सहज विचारलं. तू लगेच घाबरून जाऊ नकोस, तुला तेवढंच येतं.

तुझी,
ताई


रविवार, २२ मार्च. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे.

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. आत्ताच तालमीहून आलो आणि पायाला लागलेली माती धुऊन लिहायला बसलो.

तुझ्या पत्राचा मला थोडा राग आला. तो आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचे पत्र स्वच्छ होईल. मी इतकी वर्षे माल बांधतो आहे. माझ्या हाताने बांधलेले एकही पोते आजवर रस्त्यात पडलेले नाही. सुरगाठ भाजीच्या पिशवीला मारतात. आठ जण उचलताना एकाने जरी जास्त जोर लावला तरी दोर ओढला जातो, आणि तेव्हा सुरगाठ सुटली तर बारक्या दगडी फरशीवर तोंडावर पडेल. मी काळजी करतो हे खरे, पण ज्याची करायची त्याचीच करतो.

तो वर सुमारे पाऊण तास असेल. ऊन असणार, कारण दुपारी तीनची वेळ बाई सोडायला तयार नाहीत. उपास आम्ही सगळेच धरतो.

पोस्टमन पेत्र झाले आहेत आणि खूश आहेत. बारक्याला मी तुझा निरोप सांगितला. तो आधी हसला. म्हणाला, "ताईला सांग, मला बढती मिळाली आहे, खाली उतरवू नकोस." मग एकदम जेवणावरून उठला.

तो हल्ली वाक्ये पाठ करण्यात फार गुंतलेला असतो, त्याचा परिणाम दिसतो. मंगळवारी पहाटे खाटेवर पडल्या पडल्याच त्याने जीभ चावली. चांगली काळीनिळी झाली आहे. दोन दिवस बोबडे बोलत होता. बाई म्हणाल्या, "येशू बोबडा नव्हता, लवकर बरा हो." गुरुवारी व्हॅनचा एक कोपरा शाळेच्या भिंतीला घासला. कुत्रे आडवे आले म्हणतो. मुले आत नव्हती, उतरून गेली होती. व्हॅनच्या मालकांना त्याने सांगितले आहे आणि ते रागावले नाहीत.

तालमीत त्याला आज पहिल्यांदा बांधले. बांधत असताना तो माझ्या कानात म्हणाला, "मधल्या, तू आहेस ना खाली?" मी म्हटले, "काठी घेऊन उभाच आहे." मग तो म्हणाला, "मग झालं."

तू मला घाबरू नकोस लिहितेस, पण तुझे पत्र वाचून मीच काय, पाळकसाहेबही घाबरले असते.

तुझा भाऊ,
मधला


शनिवार, २८ मार्च

मधल्या,

तुझं पत्र आज मिळालं. लगेच लिहिते, टपाल निघायला अर्धा तास आहे.

बारक्याला ते काम करू देऊ नकोस. कारण विचारू नकोस. बाईंना काहीही सांग, खोकला म्हण, घसा म्हण. आणि काही दिवस त्याला व्हॅनवर जाऊ नको म्हणावं, रजा टाक म्हणावं.

त्याला माझा एवढाच निरोप दे, जसाच्या तसा: ताई विचारते, तू मला दिलेला शब्द पाळतो आहेस का?

त्याचं तोंड बघून मला उत्तर लिही. तो काय म्हणाला ते नको, तोंड कसं झालं ते लिही.

ताई


रविवार, ५ एप्रिल. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे.

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. उपासनेवरून आलो. आई भाजी चिरते आहे, बाबा झग्याची बाही पुन्हा उसवत आहेत.

तुझे पत्र मी चारदा वाचले. दोन दिवस मी बारक्याशी नीट बोलू शकलो नाही. शेवटी बुधवारी, तो व्हॅन धूत होता तेव्हा, तुझा निरोप जसाच्या तसा दिला.

तोंड कसे झाले ते लिहितो. आधी लाल झाले. मग त्याने बादलीतले सगळे पाणी एकदम काचेवर फेकले. मग हसला. म्हणाला, "अरे, सिगारेटचं म्हणतेय ती! गेल्या वर्षी तिच्याकडे राहायला गेलो होतो ना, तेव्हा पकडलं तिनं. शब्द दिला होता सोडीन म्हणून. सांग तिला, पाळला. आईला मात्र बोलू नकोस."

मला इतके हलके वाटले म्हणून सांगू! मी त्याला म्हटले, "गाढवा, मग ताई एवढी हवालदिल का झाली?" तर म्हणाला, "नर्स आहे ती. कुणी शिंकलं तरी तिला न्युमोनिया दिसतो."

तेव्हा ताई, तू आता निवांत राहा. सिगारेट मीही त्याच्याजवळ कधी पाहिली नाही, म्हणजे त्याने खरेच सोडली असावी. व्हॅनवर रजा टाकायची गोष्ट मी काढलीच नाही. परीक्षेचे दिवस आहेत, मालक लगेच दुसरा माणूस ठेवतील.

तरीही तुझ्या समाधानासाठी मी एक केले आहे. छातीवरून एक जादा फेर घेणार आहे, काखेतून मागे नेऊन. मनगटांना दोन-दोन निरगाठी होत्या, त्या आता तीन-तीन. बाई म्हणाल्या, "भूकंप झाला तरी हा हलणार नाही." तू निर्धास्त झोप.

तुझा भाऊ,
मधला


सोमवार, २० एप्रिल. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे.

ताई,

तुझे दोन ओळींचे कार्ड मिळाले होते, "सिगारेट नव्हे, ऐक माझं" एवढेच लिहिलेले. ते शनिवारी मिळाले. नाटक शुक्रवारी होऊन गेले होते.

मी गोदामात न जाता घरी बसलो आहे. बारक्या आत झोपला आहे. मी दर थोड्या वेळाने उठून तो श्वास घेतो का ते बघतो आणि परत येऊन लिहितो. त्यामुळे पत्र तुटक झाले तर समजून घे.

शुक्रवारी गर्दी फार होती. भिंतीवरसुद्धा लोक बसले होते. बाबांनी हात धुतले तेव्हा टाळ्या पडल्या आणि त्यांनी, काय सांगू, पुन्हा एकदा धुतले. मग आम्ही बारक्याला बांधले. मी स्वतः प्रत्येक गाठ ओढून पाहिली. आठ जणांनी वधस्तंभ उभा केला. तो जरासुद्धा हलला नाही. मला अभिमान वाटला, ताई. तेवढा वेळ मला भीतीच वाटली नाही.

पहिली चार वाक्ये त्याने अशी म्हटली की माझ्या शेजारचा दुसरा शिपाई डोळे पुसत होता. मग तहानेचे वाक्य. मी बोळा बुडवला, काठी वर केली. तालमीत तो मान वळवून ओठ लावायचा. ह्या वेळी त्याने मान वळवली नाही. बोळा त्याच्या गालाला लागला आणि पाणी गळ्यावरून खाली आले. मी काठी अजून पुढे केली. तेव्हा मला त्याचे डोळे दिसले. ते उघडे होते आणि वर गेले होते. मग त्याचे अंग ताठ झाले आणि झटके द्यायला लागले.

लोक हुंदके देत होते. मागून कोणीतरी म्हणाले, "काय काम करतोय पोरगा!" मी बाईंकडे पाहिले. त्या दोन्ही हात छातीवर घेऊन भारावून उभ्या होत्या. सहावे वाक्य बाकी होते. सातवे बाकी होते. सात झाल्याशिवाय मान टाकायची नाही, हे आम्ही सगळे जाणत होतो, पण मोजत मी एकटाच होतो.

मी काठी टाकली आणि शिडी लावून वर चढलो. लोकांना वाटले, हेही नाटकातलेच. मनगटाची गाठ सुटेना. झटक्यांनी ती आणखी आवळली होती, मला नखाने धरायलाही जागा नव्हती. कमरेला तलवार होती ती पत्र्याची. मी ओरडलो, "सुरी! कोणीतरी सुरी द्या!" आवाज लाउडस्पीकरवर गेला. तेव्हा नळवाले धावत आले. ते यहूदा होते, त्यांचे काम केव्हाच संपले होते, मंचामागे चहा पीत बसले होते. त्यांच्या खिशात पाइप कापायचे पाते असते. त्यांनी आणि मी मिळून दोर कापले. छातीचा फेर सगळ्यात शेवटी सुटला.

आई खाली बसलेली होती, तालमीत बसायची तशीच. आम्ही त्याला तिच्या मांडीवर दिला. तालमीत ती त्याला उताणा घेत असे. ह्या वेळी तिने त्याला पटकन कुशीवर वळवले आणि पदराने त्याच्या तोंडातला फेस पुसला. तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. बाईंनी एवढ्यात गायकांना खूण केली आणि गीत सुरू झाले. पाळकसाहेबांनी माइक घेऊन उरलेली दोन वाक्ये स्वतः वाचली. त्यानंतर कितीतरी लोक मला येऊन म्हणाले की असा मृत्यू त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत बारक्या शुद्धीवर आला होता. तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारले, "आधी कधी असं झालंय?" बारक्या बोलायच्या आत बाबा म्हणाले, "छे हो, उपास होता. ऊन होतं. पाण्याचा थेंब नाही सकाळपासून." डॉक्टरांनी मीठ-साखरेचे पाणी लिहून दिले. बारक्याने माझ्याकडे पाहिले. मी झटके पाहिले होते. मी गप्प बसलो.

काल ईस्टरच्या सकाळी तो कबरेतून चालत बाहेर आला. बाईंनी नको म्हटले तरी आला. लोक उभे राहिले. नंतर चहाच्या वेळी त्याच्या व्हॅनमधल्या एका मुलीची आई तिला घेऊन आली. ती मुलगी त्याच्या बोटाला धरून उभी राहिली. तिची आई म्हणाली, "दोन दिवस रडतेय, काका मेले म्हणून. दाखवा तिला. आणि काका, सत्तावीसला शाळा उघडते हं, वेळेवर या." बारक्या म्हणाला, "येतो की."

घरी आल्यावर बाबांनी दार लावून सांगितले, "उपासानं चक्कर आली. एवढंच. ह्यापलीकडे कोणी काही बोलायचं नाही. पोराची नोकरी आहे."

ताई, तुला काय माहीत होते? मला ते आता लिही. शाळेला आठवड्याची सुट्टी आहे म्हणून मी अजून श्वास घेतो आहे.

मधला


गुरुवार, २३ एप्रिल

मधल्या,

जलद टपालानं पाठवते आहे.

गेल्या वर्षी बारक्या माझ्याकडे आठ दिवस राहिला, त्यातल्या तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात त्याला फिट आली. तू पाहिलीस तशीच. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला माहीत आहे? "व्हॅनची नोकरी नुकतीच लागलीय." मग पवित्र शास्त्र आणलं आणि माझा हात त्यावर ठेवायला लावला, की घरात कुणाला सांगणार नाही. मी म्हटलं, मग तूही ठेव, की डॉक्टरांकडे जाशील, गोळ्या घेशील आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय गाडी चालवणार नाहीस. त्यानं ठेवला.

मी माझा शब्द पाळला. तो पाळत नाहीय हे तुझ्या जिभेच्या गोष्टीवरून मला कळलं. फिट येणारी माणसं झोपेत जीभ चावतात. आणि तरी मी तुला खोकला म्हण, घसा म्हण, असलं काहीतरी लिहीत बसले. मला वाटायचं, शास्त्रावरचा शब्द मोडला तर मी कोण राहिले. आता विचार करते की नऊ लेकरं त्या गाडीत बसत होती आणि मी माझा शब्द सांभाळत होते. देव मला ह्याचं काय म्हणेल ते म्हणो, मी तो आज मोडला.

गाठींचं मनाला लावून घेऊ नकोस. माझी सुरगाठ असती तर त्या झटक्यांत सुटून तो उंचावरून फरशीवर पडला असता. माझा सल्लाही चुकीचाच होता. त्याला तिथे चढवायलाच नको होतं, एवढं एकच खरं होतं आणि ते का, हेच मी लिहिलं नाही.

आता ऐक. हे पत्र बारक्याला वाचून दाखव. शाळेत त्यानं स्वतः सांगायचं. सोमवारी दहा वाजता मी शाळेच्या ऑफिसात फोन करणार आहे. तोवर त्यानं सांगितलेलं असलं तर मी फक्त त्याची चौकशी करीन. नसलं तर मी सांगीन. हे रागानं नाही. गोळ्या नीट घेतल्या तर माणसं चांगली जगतात, लग्नं करतात, म्हातारी होतात. पण लेकरांची गाडी नाही.

आणि बाबांना सांग, नाटक शुक्रवारीच संपलं.

ताई


सोमवार, २७ एप्रिल. दुपारचा दीड. गोदामात जेवणाची सुट्टी आहे, वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसून लिहीत आहे.

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. तू दहा वाजता फोन केलास तेव्हा तुला मुख्याध्यापिकांनी अर्धे सांगितलेच असेल. उरलेले मी सांगतो.

तुझे पत्र शनिवारी दुपारी आले. मी ते बारक्याला वाचून दाखवले, आईबाबांसमोरच. तो उठून उभा राहिला. "शास्त्रावर हात होता तिचा!" असे दोनदा म्हणाला. मी म्हटले, "तुझाही होता." ह्यावर तो माझ्याशी बोलायचा थांबला. मग आईपुढे त्याच्या तोंडून बाहेर पडलेले सगळे खरे असे, की गोळ्या त्याने महिनाभर घेतल्या होत्या. गोळीने पहाटे जाग येत नव्हती म्हणून सोडल्या. भिंतीपाशी कुत्रे नव्हते.

बाबांनी तुझा निरोप ऐकला आणि शिवणयंत्रावर जाऊन बसले. यंत्र मात्र चालवले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "अजून एकदाच जाऊ दे. महिना भरू दे. मग सोड म्हणावं." मी म्हटले, "बाबा, एकदाच म्हणजे कोणत्या दिवशी?" मला बाबांना असे काही विचारता येते हे मला माहीत नव्हते.

काल उपासनेलाही बारक्या आमच्याबरोबर बसला नाही, मागच्या बाकावर बसला.

आज सकाळी सहाला तो किल्ली घेऊन बाहेर पडला. मी आधीच व्हॅनजवळ उभा होतो. म्हटले, "मी येतो शेजारी." तो म्हणाला, "तुला गाडी येते?" "नाही." "मग येऊन काय करशील? प्रार्थना?" मी म्हटले, "हँडब्रेक धरून बसतो. तो कुठे असतो तेवढे दाखव." मी शेजारी चढून बसलो. तो चिडला. "उतर, मधल्या. उशीर होतोय. गेल्या आठवडाभरात काही झालंय का मला? झालंय का?" मी उतरलो नाही, पण ताई, खरे सांगतो, त्याने गाडी सुरू केली असती तर मी काय करणार होतो ते मला ठाऊक नव्हते.

तेवढ्यात आई आली. घरातल्याच चपला, पदर खोचलेला, हाताला पीठ. तिने मागचे दार सरकवले आणि आत चढली. मुलांचा तो बुटका बाक. ती त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. बारक्या मागे वळून म्हणाला, "आई, तू कुठे?"

आई म्हणाली, "लेकरं बसतात तिथे बसलेय. चल, चालव."

"आई, उतर ना गं."

"का? काही होत नाही म्हणतोस ना? मग चालव. मी बसलेय."

बारक्याने किल्ली लावली. हात किल्लीवरच राहिला. समोरच्या आरशात त्याला आई दिसत होती. ती काही रागावलेली नव्हती, नुसती बसली होती, मांडीवर पिठाचे हात ठेवून. कितीतरी वेळ गेला. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. मग त्याने किल्ली काढली, कपाळ स्टिअरिंगला टेकवले आणि लहानपणी रडायचा तसा रडला. आई म्हणाली, "झालं ते झालं. आता पोरं दारात उभी असतील. ती कोणी न्यायची?"

तेव्हा आम्ही तिघे चालत निघालो, ताई. एकेक घर घेत. बारक्याने प्रत्येक दारात सांगितले, "आज गाडी नाही, चालत जायचं." दोघा-तिघा आईवडिलांनी नाक मुरडले. एक जण म्हणाले, "पैसे गाडीचे घेता ना?" मुलांना मात्र मजा वाटली. सगळ्यांची दप्तरे मी घेतली, माल वाहायचीच सवय. ती ईस्टरची मुलगी सगळा रस्ता त्याचे बोट सोडायला तयार नव्हती.

शाळेला पोहोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. मुख्याध्यापिका फाटकातच उभ्या होत्या. "हे काय? गाडी कुठे आहे?" बारक्याने व्हॅनमालकांना द्यायची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "बाई, मला फिट येतात. वर्ष झालं. मी लपवलं." शब्द मी मोजले नाहीत, पण एवढेच होते. त्यांनी आधी मुलांना आत पाठवले, आणि त्याला म्हणाल्या, "माझा नातू तुमच्याच गाडीत येतो, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "ठाऊक आहे." त्या म्हणाल्या, "आता जा. मला राग आवरायला वेळ लागेल." काम गेले. दुसरे काही देतील असे त्या म्हणाल्या नाहीत आणि आम्ही विचारले नाही.

परत येताना बारक्या पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. म्हणाला, "हँडब्रेक तुझ्या उजव्या हाताला होता, गाढवा. तू दाराचं हँडल धरून बसला होतास."

बाबा दुकान उघडून बसले होते. आम्ही काय झाले ते सांगितले. त्यांनी गल्ल्यातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "मेंदूच्या डॉक्टरांकडे नाव लावून ये. आणि ह्या वेळी मी येणार नाही. मी आलो की बोलतो."

गुरुवारची वेळ मिळाली आहे. तुझी ड्यूटी नसेल तर संध्याकाळी शेजाऱ्यांकडे फोन कर.

तू काही पाठवायला निघशील म्हणून हिशेब देतो. त्यावरून ठरव.

झालेला खर्च: शुक्रवारी दवाखान्याची फी साठ, टॅक्सी पस्तीस, मीठ-साखरेच्या पुड्या बारा. मेंदूच्या डॉक्टरांकडे नाव लावायचे दोनशे, हे बाबांचे.

देणे: गोदामाचा दोर मी विकत न घेता मागून आणला होता. कापल्याचे मालकांना आज सांगितले, नव्वद पगारातून कापतील. तपासणीचे साडेचारशे गुरुवारी लागतील, त्यातले दीडशे आईकडे आहेत. भिंत घासली त्या वेळच्या रंगाचे किती, ते व्हॅनमालकांनी अजून सांगितलेले नाही.

आणि बिस्किटांचे नऊ पुडे, अठरा. वाटेत मुले भूक लागली म्हणाली, म्हणून आईने घ्यायला लावले, आणि आमच्या कोणाच्याच खिशात पैसे नव्हते. दुकानदाराने वही काढून विचारले, "कुणाच्या नावावर लिहू?" बारक्या सवयीने म्हणाला, "लिहा, व्हॅनवाले काका." मग म्हणाला, "नको, ते खोडा. मी संध्याकाळी आणून देतो." ते अठरा अजून द्यायचे आहेत.

तुझा भाऊ,
मधला